बाई, तुमचा वकील सोलापुरात शोधू नका

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी चौसष्ट वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. जुळे सोलापुरात राहते. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी न्यू जर्सीला असते, गेल्या वर्षी तिला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. आता ती म्हणते, आई, तू इकडेच ये. मुलगा इथंच आहे, होटगी रोडला त्याचं गॅरेज आहे. गावात एकांनी ‘इमिग्रेशन वकील’ असा मोठा बोर्ड लावलाय, त्यांच्याकडे आम्ही जाऊन आलो. ते म्हणाले, आईची आणि भावाची एकच फाइल करू, सहा-आठ महिन्यांत दोघंही जाल. दोन लाख रुपये, निम्मे आधी आणि रोख. पासपोर्ट त्यांच्याकडे ठेवायचा आणि चार कोऱ्या फॉर्मवर सह्या करून द्यायच्या. मुलगा म्हणतो देऊन टाकू. मुलगी म्हणते, थांब, आधी चांगला वकील बघ. सोलापूरसारख्या गावात असा वकील शोधायचा कुठे आणि तो खरा आहे हे ओळखायचं कसं?
— निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : बाई, पासपोर्ट देऊ नका आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. यातलं काही देऊन झालं असेल, तर हा अंक खाली ठेवा, मुलाला बरोबर घेऊन जा आणि परत घेऊन या. पुढचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलेल्या एका वाक्यावरूनच माझं त्या गृहस्थांबद्दल मत झालं. आईची आणि भावाची एकच फाइल होत नाही. अमेरिकन नागरिक असलेली, एकवीस वर्षं पूर्ण झालेली मुलगी आईसाठी अर्ज करू शकते आणि आई-वडिलांच्या अर्जाला वर्षाकाठी ठरलेल्या आकड्याची मर्यादा नाही. अर्ज तपासायला जो वेळ लागेल तो लागतो, पण रांग नसते. भावाचं तसं नाही. भावासाठी बहिणीला स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि त्या वर्गात भारतीयांची रांग इतकी लांब आहे की आज अर्ज केला तर नंबर लागायला दीड-दोन दशकं सहज जातील. आईच्या अर्जाला मुलगा जोडता येत नाही, तो कितीही लहान असला तरी. या विषयात पहिल्या आठवड्यात शिकावी अशी ही गोष्ट आहे. ज्याला ती ठाऊक नाही त्याला काम येत नाही, आणि ठाऊक असून तो दोघांना सहा-आठ महिन्यांत नेतो म्हणत असेल तर ते त्याहून वाईट.

आता बोर्डाबद्दल. आपल्याकडे वकिली करायला १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली सनद लागते आणि सनदी वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. छत्तिसावा नियम तर असं सांगतो की वकिलाची पाटी बेताच्या आकाराची असावी आणि आपण अमुक कामातले खास जाणकार आहोत असं तिच्यावर लिहू नये. स्वतःच्या वेबसाइटवर कामाचा विषय लिहायची मुभा २००८ पासून मिळाली, पाटीवर नाही. म्हणजे चौकात ‘इमिग्रेशन वकील’ असा भला मोठा बोर्ड दिसला की दोनच शक्यता उरतात. तो माणूस वकील नाही, किंवा वकील असून स्वतःच्या पेशाचा नियम मोडतोय. सरळ विचारा, तुमचा सनद नंबर काय? खरा वकील रागावत नाही. नंबर मिळाला की कोर्टात आमच्या वकील संघात या, नाव विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

पण समजा त्यांची सनद खरी निघाली. तरीही ती महाराष्ट्राची सनद, आणि तुमचं काम उभं आहे अमेरिकेच्या कायद्यावर. मीही सनदी वकील आहे, पंचवीस वर्षांहून जास्त काळ याच कोर्टात उभी राहते, पण तुमच्या मुलीच्या अर्जावर वकील म्हणून सही करायचा मला अधिकार नाही. शिवाय नीट बघा, हा अर्ज तुमचा नाहीच. तो मुलीचा आहे. तिकडे ‘आय-१३०’ नावाचा फॉर्म असतो, तो ती भरणार, अर्जदार ती, आई म्हणून तुमचं नाव त्यात येणार. त्यामुळे वकील लागलाच तर तो तिचा वकील, तिथं सनद घेतलेला. तुम्ही सोलापुरात ज्याला शोधताय तो सोलापुरात नसणारच, पुण्या-मुंबईतही तो शोधायची गरज नाही.

मुलीला एक गोष्ट सांगा, तिथं राहणाऱ्यांनाही ती पुष्कळदा माहीत नसते. तिकडे वकिलाला सनद एकेका राज्याची मिळते, पण इमिग्रेशनचा कायदा संपूर्ण देशाचा एकच आहे. म्हणून कुठल्याही राज्याची सनद असलेला वकील तिचं काम करू शकतो. न्यू जर्सीत जवळपास कुणी मनासारखं नाही मिळालं तर टेक्सासचाही चालेल. प्रत्येक राज्याच्या बारच्या वेबसाइटवर किंवा तिथल्या कोर्टाच्या यादीत वकिलाचं नाव घालून बघता येतं. सनद कधी मिळाली, आज चालू आहे का आणि बहुतेक ठिकाणी त्याच्यावर कधी कारवाई झाली का, हेही दिसतं. त्याला पैसे लागत नाहीत.

नाव कुठून मिळवायचं? तिथल्या महाराष्ट्र मंडळात, ऑफिसात, शेजारी, जिथं कुणाचे आई-वडील गेल्या दोन-तीन वर्षांत खरोखर येऊन राहिले आहेत अशा दोन-तीन घरांत विचारायला सांगा. ‘वकील चांगला होता का’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. विचारायचं ते हे : मध्येच कागद परत आला, जास्तीचा पुरावा मागितला, तेव्हा त्यानं काय केलं? फोन कोण उचलत होतं, तो की त्याची मदतनीस? ठरलेल्या फीच्या वर किती मागितले? चांगलं चाललेल्या कामात सगळेच वकील चांगले असतात.

आणि भेट झाली की तिनं हे पाहावं. फी लेखी ठरते का आणि त्यात कुठवरचं काम येतं, नुसता अर्ज, की पुढं मुंबईच्या वकिलातीत मुलाखत होईपर्यंत? तो ‘जी-२८’ हा फॉर्म भरतो का? मी या बाईंचा वकील आहे असं सरकारला कळवणारा तो कागद आहे आणि त्यावर दोघांच्या सह्या असतात. जो पैसे घेतो पण त्या फॉर्मवर स्वतःचं नाव घालायला तयार नाही, त्याच्या पुढच्या बोलण्याला अर्थ नाही. अर्ज पोचला की सरकारकडून पोच येते, तिच्यावर तेरा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो, आधी तीन अक्षरं, मग दहा आकडे. तो नंबर मुलीच्या हातात हवा. अर्ज कुठवर आला हे त्या नंबरावर सरकारी वेबसाइटवर तिला घरबसल्या कळतं. वकिलानं ‘मी बघतो, तुम्ही काळजी करू नका’ म्हटलं तरी नंबर मागून घ्यावा.

खरं तर बाई, तुमच्या कामाला वकील लागेलच असंही नाही. तुमच्या पत्रावरून सगळं सरळ दिसतंय. फॉर्म सरकारच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. २०२४ च्या एप्रिलपासूनच्या दरानं आय-१३० ऑनलाइन भरायला ६२५ डॉलर, पुढं व्हिसाच्या टप्प्यावर ३२५ आणि आर्थिक हमीच्या कागदांचे १२०. भरण्याआधी त्या दिवशीचा दर मात्र तपासून घ्यावा. हे सगळे पैसे मुलगी ऑनलाइन थेट सरकारला भरते. मग इथं रोख एक लाख आधी कशासाठी, हे त्या गृहस्थांना मुलानं एकदा विचारावं. वकील हवाच, असं मी कधी म्हणेन? तुमचा किंवा मुलीचा व्हिसा पूर्वी नाकारला गेला असेल, तिकडे मुदतीपेक्षा जास्त राहणं झालं असेल, घरात दत्तकविधान, घटस्फोट, पोलीस केस असं काही असेल, तर. अशा वेळी पैसे वाचवू नयेत.

कोऱ्या सह्यांबद्दल मी एवढी कळवळून का लिहिते, ते सांगते. २०११ ची गोष्ट. भवानी पेठेतलं एक कुटुंब माझ्याकडे आलं. बाईंच्या भावानं अमेरिकेतून बहिणीसाठी कैक वर्षांपूर्वी केलेल्या अर्जाचा नंबर लागला होता. त्या अर्जात नवरा-बायकोबरोबर एकवीस वर्षांच्या आतली अविवाहित मुलं जाऊ शकतात. यांची मुलगी वीसची होती आणि आदल्या वैशाखात तिचं लग्न झालं होतं. कागद करणाऱ्या माणसानं चौघांच्या सह्या कोऱ्यावर घेतल्या आणि मुलीच्या फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहिलं. वर तिला पढवलं, की विचारलं तर हेच सांग. तिनं मुंबईला मुलाखतीत तेच सांगितलं. पुढं चौकशीत लग्न उघड झालं. खोटी माहिती देऊन व्हिसा मागणं याची त्या कायद्यात शिक्षा आयुष्यभराची बंदी ही आहे. खास माफी मिळाली तरच ती उठते आणि ती माफी मागायलाही ठरावीक नातं आणि ठरावीक कारण लागतं.

ते माझ्याकडे आले तेव्हा वकिलीला मला अकरा वर्षं झाली होती. मी ‘बघू, करू काहीतरी’ म्हणाले. मी मुलीचं एक प्रतिज्ञापत्र केलं, एजंटानं फसवलं असं लिहिलं, वकिलातीला पाठवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवलं. माफीचा असा एक वेगळा अर्ज असतो, तो कुणाच्या नात्यावर आणि केव्हा करायचा असतो, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. दीड वर्ष मी त्यांना थांबवून ठेवलं. पहिल्याच दिवशी ‘हे माझं काम नाही, तिथला वकील धरा’ म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं नाही. ती मुलगी अजून सोलापुरातच आहे, रस्त्यात भेटली की बोलते. मला तिच्या डोळ्यांत बघून बोलणं आजही जड जातं. तेव्हापासून परदेशाचं काम घेऊन कुणी आलं की मी आधी स्वतःला विचारते, यातलं मला नक्की किती येतं?

तर माझ्यासारख्या इथल्या वकिलाचा तुम्हाला उपयोग कुठं? कागदांत. आणि तिथं मात्र इथलाच माणूस हवा, परक्याला ते कळायचं नाही. आपल्याकडे बायकांची नावं किती बदलतात बघा! माहेरचं नाव एक, सासरी ठेवलेलं दुसरं, नोकरीच्या सेवापुस्तकात तिसरं, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर दवाखान्यातल्या कारकुनानं ऐकून लिहिलेलं चौथं. मुलीच्या अर्जाला सगळ्यात मोठा पुरावा तिचा जन्मदाखला, त्यावर आईचं नाव तुमच्या पासपोर्टशी जुळलं पाहिजे. शाळेत दाखले तुम्ही आयुष्यभर भरलेत, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. तिचा दाखला काढा, पासपोर्टशेजारी ठेवा आणि अक्षर अन् अक्षर ताडून पहा. फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, पेन्शनचा आदेश, हे सगळं जुळवून द्यायला सोलापुरातला कुठलाही जाणता वकील पुरतो. आपल्याकडच्या तेलुगू घरांत तर आडनाव इंग्रजीत दर पिढीला वेगळं लिहिलेलं असतं, असे कागद मी दर महिन्याला करते.

तुमचा स्वतःचा जन्म १९७० च्या आधीचा. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, त्याआधीच्या कितीतरी जन्मांची नोंदच नाही. नसेल तर घाबरू नका. ज्या गावी जन्म झाला तिथल्या कार्यालयातून, सोलापूर शहरातला असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून, नोंद सापडत नसल्याचा दाखला घ्या. त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि घरातल्या कुणा वडीलधाऱ्याचं प्रतिज्ञापत्र जोडतात. मावशी, आत्या कुणी असतील तर त्यांचं हे काम आताच करून ठेवा. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं लागतील. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो, पण तो अगदी शेवटी काढायचा, कारण त्याला मुदत असते. वकिलाची फी द्यायची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या कायद्यानं कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न न पाहता, मोफत कायदेशीर मदत मिळते. फार थोड्या बायकांना हे माहीत आहे.

एक न विचारलेलं विचारते, रागवू नका. तुम्हाला तिथं राहायचंय, की नातवंडांना भेटून यायचंय? या अर्जातून शेवटी मिळतं ते ग्रीन कार्ड, म्हणजे तिथं कायम राहायचा परवाना. ते घेतलं की तिथं राहायला गेलं पाहिजे. परवानगीशिवाय सलग वर्षभर बाहेर राहिलात तर ते हातचं जाऊ शकतं. साठी-पासष्टीनंतर गेलेल्या माणसाला तिथली सरकारी आरोग्य योजना घेता यायला आधी पाच वर्षं तिथं काढावी लागतात, तोवर विम्याचा खर्च मुलीवर. आणि एकदा आय-१३० दाखल झाला की साधा भेटीचा व्हिसा मिळणं अवघड होतं, कारण तुम्हाला कायमचं जायचंय हे तुम्हीच लिहून दिलेलं असतं. वर्षातून चार महिने जायचं आणि बाकी काळ जुळे सोलापुरात स्वतःच्या घरात राहायचं असं मनात असेल, तर भेटीचा व्हिसाच बरा. हे मुलीशी फोनवर नाही, ती सुट्टीला आली की समोर बसून बोला. मुलालाही बसवा.

प्रश्न : माझा मुलगा बावीस वर्षांचा, नववीपर्यंत शिकलेला. यंत्रमागाचं काम कमी झालं म्हणून कुवेतला ड्रायव्हर म्हणून जायचं म्हणतो. एजंट एक लाख चाळीस हजार मागतो. आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर कामाचा करून देतो म्हणतो. आम्ही वकील करावा का?
— अशोक चौक, सोलापूर

उत्तर : दादा, वकील नको, पण एजंट तपासा. परदेशात नोकरीला माणसं पाठवायला १९८३ च्या एमिग्रेशन अ‍ॅक्टखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर अशा नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. नाव आणि नोंदणी नंबर तिथं सापडला नाही तर विषय संपला. ‘मी त्यांचा सब-एजंट’ हे उत्तर ऐकून घेऊ नका, तशी सोय कायद्यात नाही. नोंदणीकृत एजंटही सेवेचे जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढेच घेऊ शकतो, तेही पावती देऊन.

दहावी पास नसल्यामुळे मुलाचा पासपोर्ट इसीआर प्रकारचा असेल. अशा पासपोर्टावर कुवेतसह १८ देशांत कामाला जायचं तर सरकारची मंजुरी घ्यावी लागते आणि ती खरा करारनामा, पगार, मालकाचं नाव पाहून देतात. व्हिजिट व्हिसाची वाट ही मंजुरी चुकवण्यासाठीच असते. तिथं पगार मिळाला नाही, पासपोर्ट काढून घेतला, तर हातात कागद एकही नसतो. रीतसर गेला तर प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाखांचं अपघाती संरक्षणही मिळतं. त्याला व्हिजिट व्हिसावर पाठवू नका, हात जोडून सांगते.

प्रश्न : मुलीचा कॅनडाचा शिक्षणाचा व्हिसा नाकारला. पत्रात लिहिलंय की दिलेली माहिती खोटी आहे आणि पाच वर्षं अर्ज करता येणार नाही. एजंटानं आमच्या नकळत बँकेचं खोटं पत्र जोडलं होतं, हे आता कळतंय. एक लाख ऐंशी हजार दिलेत, पावती आहे. तो म्हणतो, आमचे वकील पुन्हा अर्ज करतील, अजून साठ हजार द्या.
— विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : साठ हजार देऊ नका. बंदी असताना पुन्हा अर्ज करून काही होत नाही.

तुमच्यापुढं दोन वेगळी कामं आहेत. पहिलं कॅनडातलं आणि त्याला घाई आहे. देशाबाहेर दिलेल्या नकाराविरुद्ध तिथल्या फेडरल कोर्टात जायला, निर्णय कळल्यापासून ६० दिवस मिळतात. तिथं उभा राहतो तो कॅनडाच्या एखाद्या प्रांताच्या लॉ सोसायटीचा वकील. परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार त्या कोर्टात चालत नाही, आणि आपल्याकडचा वकीलही नाही. प्रत्येक प्रांताच्या लॉ सोसायटीच्या वेबसाइटवर वकिलाचं नाव तपासता येतं. त्याला पहिल्याच निरोपात नकाराचं पत्र, त्याची तारीख आणि एजंटानं भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत पाठवा. प्रत देत नसेल तर मुलीच्या नावानं अर्जाची फाइल मागवता येते का, हेही त्यालाच विचारा. अर्जात त्या एजंटाचं नाव प्रतिनिधी म्हणून होतं का, ते नक्की बघा. पैसे घेऊन कॅनडाचा अर्ज हाताळायचा तर तिथल्या वकिलाची सनद किंवा सल्लागारांच्या ‘कॉलेज’ नावाच्या नियामक संस्थेचा परवाना लागतो. नाव लपवलेलं असेल तर तो मुद्दा तुमच्या बाजूचा आहे.

दुसरं काम इथलं, पैशांचं. पावती आहे हे फार बरं झालं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, मुदत दोन वर्षांची. मात्र तो एजंट सनदी वकील असेल तर वाट बदलते. वकिलाची सेवा या कायद्यात येत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये दिला आहे. मग तक्रार बार कौन्सिलकडे करायची, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली. खोट्या पत्राची फिर्याद पोलिसांत वेगळी द्या, बँकेकडून ‘हे पत्र आमचं नाही’ असं लेखी घेऊन. ते लेखी कॅनडातल्या वकिलालाही लागेल, म्हणून बँकेत उद्याच जा आणि दोन प्रती मागा.